पायातला बनियन

चन्नबसम्माच्या उजव्या पायाच्या अंगठ्यानं शेजारच्या बोटाचा बांध कोरायला घेतला, तेव्हा सुरुवातीला तिनं काणाडोळा केला. हेच काम शेतात एखाद्या शेजाऱ्यानं केलं असतं तर तिनं पालमची तहसील डोक्यावर घेतली असती. पण इथं अंगठाही घरचा आणि जोडवं घातलेलं बोटही घरचंच. घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला न्यायचं, असं तिचं धोरण. अंगठा मात्र या मोठेपणाला जागला नाही. तो आत सरकत राहिला, जोडव्याच्या बोटाला त्यानं पार कोपऱ्यात दाबलं, आणि त्याच्या बुडाशी पायाच्या कडेला एक हाड लिंबाएवढं वर आलं. चपलेचा पट्टा नेमका त्या लिंबावर बसायचा. मग चन्नबसम्मा ज्या कुणाशी बोलत असेल त्याची खैर नसायची.

पालमच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. इरकली लुगड्यापासून टॉवेल-बनियनपर्यंत सगळं मिळायचं. दुकान मुलगा शिवकांत चालवतो असं शिवकांतला वाटायचं. सकाळी गादीवर चन्नबसम्मा बसायची. ती शाळेत गेली होती, पण लागेल तेवढीच. सही यायची, आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या तोंडावर वाचता यायचं. यापुढं शिकून काय करायचं असतं, हे तिला अजून कुणी पटवून दिलेलं नव्हतं.

हा पाय असाच लुगड्याच्या काठाखाली झाकून उरलेलं आयुष्य निघूनही गेलं असतं. पण मधेच नातीचं लग्न आलं.

नात रुद्राणी परभणीच्या कृषी विद्यापीठात सोयाबीनवर काहीतरी शिकत होती. पोखर्णीचा राजशेखर तिथंच, त्याच सोयाबीनवर. मुलगा आपल्यातला, घर बागायतदार, माणसं नावाजलेली. दोघांनी मनातून कधीच ठरवून टाकलं होतं. आता घरच्यांनी ठरवल्यासारखं करायचं एवढंच बाकी होतं. त्यासाठी मध्यस्थ दत्तराव दोन्हीकडं फोन करत होते आणि पोखर्णीहून निरोप आला होता, "अम्मांनी एकदा येऊन घर बघून जावं. त्यांनी हो म्हणलं की सुपारी फोडू."

घरातल्या थोरल्या बाईनं जाऊन मुलाचं घर बघायचं, ही रीत. आणि थोरली बाई दारात आली की त्या घरच्या सुनेनं तांब्या आणून तिच्या पायावर पाणी घालायचं, ही दुसरी रीत. चन्नबसम्माला पहिली रीत लय आवडायची. तिला आता रडायला लावत होती ती दुसरी. पोखर्णीच्या त्या मोठ्या घरात सगळी बायकामंडळी दारात गोळा होणार, लुगड्याचा काठ वर करावा लागणार, आणि ते लिंबू सगळ्यांपुढं उघडं पडणार. मुलाची आजी महानंदाबाई ही काही साधी असामी नव्हती. तिनं एका लग्नात जिलबीला नाव ठेवलं तेव्हा आचाऱ्यानं गाव सोडलं, असं ऐकण्यात होतं. अशा बाईपुढं वाकडा पाय घेऊन जायचं म्हणजे आधीच मान खाली घालून जाण्यासारखं.

"पाय बरा झाला की जाऊ," चन्नबसम्मानं जाहीर केलं.

"अज्जी, किती दिवस लागतील?" रुद्राणीनं विचारलं.

"पायाला इचार."

पायाला विचारण्याआधी शेजारच्या धुरपताबाईला विचारलं गेलं, म्हणजे तिनंच येऊन उत्तर दिलं. धुरपताबाईला न विचारता उत्तर द्यायची सवय होती. तिनं चष्मा वर करून पाय बघितला, खाली करून बघितला आणि म्हणाली, "कुरूप हाय."

"कोण?"

"पाय तुमचा. कुरूप झालंय त्याला."

"धुरपता, मपल्या घरात बसून मपल्या पायाला कुरूप म्हणायलीस? तुपलं तोंड बघितलंस का आरशात?"

"अवं अम्मा, ते कुरूप न्हाई. काटा मोडला की होतं ते कुरूप. गाठ. बिब्बा लावला की गळून पडतं."

काटा कधी मोडलाच नव्हता. पण धुरपताबाईच्या जावेच्या भावाचं कुरूप बिब्ब्यानं गळून पडलं होतं, आणि असा दाखला दिल्यावर पुढं वाद घालणं शेजारधर्मात बसत नाही. बिब्बा गरम झाला, लागला, आणि सकाळपर्यंत लिंबाचं मोसंबं झालं. वर पाण्यानं भरलेला फोड. हाड जिथं होतं तिथंच राहिलं, फक्त त्याला आता पाहुणा आला.

"उतरायला लागलंय बघा," धुरपताबाई म्हणाली. "आधी सुजतं, मग उतरतं."

"तू उतर आधी. पायऱ्या उतर," चन्नबसम्मा म्हणाली.

फोड बसेपर्यंत चन्नबसम्मा गादीवर पाय लांब करून बसली. दुकानात येणारा प्रत्येक जण कापड बघायच्या आधी पाय बघायचा. एकानं रुईचं पान सांगितलं. दुसऱ्यानं सांगितलं की हा वात आहे, वांगं बंद करा. तिसऱ्यानं मत दिलं की हे जोडव्यामुळं झालंय. त्यावर चन्नबसम्माचे यजमान वीरुपाक्ष, जे सहसा पेपरातून मान वर काढत नसत, ते मान वर काढून म्हणाले, "जोडवी मी घातली होती." त्यांना वाटलं आपल्यावर आळ येतोय. चन्नबसम्मानं त्यांच्याकडं असं बघितलं की ते पुन्हा पेपरात गेले. वांगं मात्र खरंच बंद झालं, कारण ते वीरुपाक्षांना आवडायचं आणि कुणालातरी शिक्षा होणं गरजेचं होतं.

मग चपलेचा बंदोबस्त झाला. मोच्याकडून पट्ट्याला नेमकं हाडापुरतं भोक पाडून घेतलं. आता चप्पल दुखत नव्हती, पण त्या भोकातून हाड असं बाहेर डोकावायचं, जसं एखादी सासू खिडकीतून रस्त्यावर नजर ठेवते. पोखर्णीला हे असं घेऊन जाणं शक्यच नव्हतं. तिकडून दत्तरावांचा दुसरा फोन आला. अम्मा कधी यायल्यात? शिवकांतनं सांगितलं, येतील, येतील.

शेवटी रुद्राणीनं आजीला परभणीच्या हाडाच्या डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं. धुरपताबाई सोबत आली, कारण बिब्ब्याचा दोष तिच्यावर होता आणि डॉक्टर काय म्हणतो ते प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय तिला गावात तोंड दाखवता आलं नसतं.

दवाखान्यात खिडकीत बसलेल्या मुलीनं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि विचारलं, "तक्रार?"

"कुणाबद्दल?" चन्नबसम्मा म्हणाली.

"तुमची तक्रार काय आहे आजी?"

"एक हाय का? घरचे ऐकत न्हाईत. शिवकांत उधारीवर माल देतो. ही बाई बसली ना माझ्याशेजारी, हिनं पायाला..."

"पायाची," रुद्राणी पुढं झाली. "पायाची तक्रार लिहा."

डॉक्टर तरुण होता. गोरा, चष्मा, आणि बोलण्यात निम्मं इंग्रजी, निम्मं विचार करून आठवलेलं मराठी. त्यानं पाय हातात घेतला, अंगठा सरळ करून बघितला, सोडला. अंगठा लगेच आपल्या जागी जाऊन बसला. मग तो हसून म्हणाला, "आजी, तुम्हाला बनियन आहे."

चन्नबसम्मानं पदर सारखा केला. एवढ्या शिकलेल्या माणसानं हे म्हणावं याचं तिला नवल वाटलं.

"मला कामून? मी काय गडी हाय?"

"बायकांनाच जास्त असतो. कधीपासून आहे?"

"दुकान काढलं तवापासून."

"म्हणजे बरीच वर्षं झाली. दोन्हीकडं आहे का?"

"एकच दुकान हाय आमचं. पालमला."

"हळूहळू साइज वाढत गेला असेल ना?"

"साइज सगळे ठेवतो. पंच्याऐंशीपासून शंभरपर्यंत. लेकरांचे वेगळे."

डॉक्टरनं चष्मा काढला. "आजी, दुखतो का तो?"

"खपला न्हाई की दुखतं," चन्नबसम्मा म्हणाली. "पांढरा निघतो. त्या जाळीच्याला कुणी इचारत न्हाई."

रुद्राणी खुर्चीवर वाकून तोंडाला ओढणी लावून बसली होती. तिला हसू आलंय हे आजीला दिसलं आणि आजीचा पारा चढला. "डॉक्टरसाहेब, तुमी मराठी माणसं का कोण? अंगातल्या कपड्याचं इचारायचं काय कारण? काय झालंय ते मराठीत सांगा. अन् मोठ्यानं सांगा, ह्या बाईला बी कळू द्या."

हे शेवटचं ती बोलली नसती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण डॉक्टर मराठीत आणि मोठ्यानं सांगू लागला. म्हणाला, "तुमच्या अंगठ्याच्या मुळाचं हाड वाकडं झालंय. कुरूप नाही हे, गाठ नाही, हाडाचा सांधाच सरकलाय. इंग्रजीत याला बनियन म्हणतात. चपला घट्ट, पुढून निमुळत्या घातल्या की वाढतो. पण मूळ घराण्यात असतं. आईला होतं?"

"मायला होतं," चन्नबसम्मा म्हणाली.

"बघा. हाडातच असतं तुमच्या घराण्याच्या." मग त्यानं रुद्राणीच्या टोकदार सँडलकडं बघितलं. "तुमचा पाय दाखवा. हं. तुम्हालाही सुरुवात आहे."

 धुरपताबाईनं श्वास आत घेतला तो बराच वेळ बाहेर सोडला नाही.

हाड वाकडं. घराण्यात आहे. नातीला आहे. या तीन गोष्टी एका दमात कुणी मोठ्यानं बोलतं का? सोयरिकीत लोक आधी हाड बघतात, मग शिक्षण, मग शेत. हाडाचं खरं घराणं म्हणून चन्नबसम्मा आजवर कुणापुढंही वाकली नव्हती. आणि इथं एक चष्मेवाला पोरगा डिग्री भिंतीला लावून सांगत होता की हाडच वाकडं.

पायाचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढून झाला, पण पुढचं सगळं तिनं अर्धवट ऐकलं. हाड औषधानं सरळ होत नाही, पण दुखणं कमी करता येतं आणि वाढणं थांबवता येतं. चालणंच अशक्य झालं तर ऑपरेशन, नाहीतर गरज नाही. पुढून रुंद बूट घालायचे, ज्यात बोटं पसरतील. सुजलं तर बर्फानं शेकायचं. बिब्बा मुळीच नाही. इथं त्यानं धुरपताबाईकडं बघितलं नव्हतं तरी तिनं मान फिरवली. अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मध्ये ठेवायला त्यानं एक मऊ, पारदर्शक तुकडा दिला. तो शाळेतल्या खोडरबरासारखा दिसत होता. शिवाय व्यायाम. जमिनीवर टॉवेल टाकायचा आणि तो पायाच्या बोटांनी गोळा करायचा.

"सरळ कवा व्हईल?" तिनं विचारलं.

"सरळ होणार नाही आजी. आहे तिथंच थांबवायचं."

"म्हणजे नवऱ्यासारखं," चन्नबसम्मा म्हणाली आणि उठली.

रुद्राणी परभणीलाच थांबली. परतीच्या एसटीत एक्स-रेचं पाकीट धुरपताबाईच्या मांडीवर होतं. ते कसं तिथं गेलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी परभणी सोडून गंगाखेडच्या वाटेला लागली, आणि चन्नबसम्माचा जरा डोळा लागला, तेवढ्यात धुरपताबाईनं फोटो काढून खिडकीच्या काचेला लावला. उन्हात पायाची सगळी हाडं लख्ख उजळली.

"हे बघा," ती मागच्या सीटवरच्या बाईला सांगत होती, "हे अम्माचं हाड. कसं वाकडं गेलंय. डॉक्टर म्हणले घराण्यातच हाय. सगळ्यांच्याच हाडात हाय."

"अगं माय," मागची बाई म्हणाली आणि बघायला पुढं झाली. पुढचे दोघं मागं वळले. कंडक्टर तिकिटं द्यायची थांबवून आला. एका टोपीवाल्या माणसानं दोन्ही हातांनी फोटो धरला, कारण गाडी हलत होती आणि त्याला नीट दिसत नव्हतं. चन्नबसम्माला जाग आली तेव्हा अर्धी एसटी तिच्या हाडाखाली उभी होती. ती काही बोलणार तोवर गाडी थांबली आणि तो टोपीवाला उतरून गेला. फाट्यावरच्या पाटीवर पोखर्णी लिहिलं होतं. तेवढं वाचण्याइतकी ती शाळेत गेली होती.

 घरी पोचल्यावर चन्नबसम्मा जे बोलली ते धुरपताबाईच्या घरापर्यंत गेलं, आणि धुरपताबाई दोन-तीन दिवस पाणी भरायला मागच्या दारानं जात राहिली.

इलाज मात्र सुरू झाला. एकदा पैसे मोजून घेतलेला इलाज वाया घालवणं चन्नबसम्माच्या तत्त्वात बसत नव्हतं. खोडरबर बोटांत बसलं. रुंद बूट शोधायला रुद्राणी परभणीभर फिरली. बायकांच्या दुकानात सगळे पुढून चोच असलेले. शेवटी पुरुषांच्या खेळायच्या बुटांत आजीचा पाय हातपाय पसरून बसला. बूट पांढरे, कडेला हिरवा पट्टा. इरकली लुगड्याखाली ते असे दिसायचे की जणू खाली एक माणूस आणि वर दुसरं. पण आयुष्यात पहिल्यांदाच चालताना काही दुखलं नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. आनंद वाटला की लोक सल्ला द्यायला येतात, हे तिला ठाऊक होतं.

टॉवेलचा व्यायाम गादीमागं बसून चालायचा. टॉवेल जाड, बोटांत येईना. मग तिनं खोक्यातला एक बनियन काढून खाली टाकला. तो मऊ होता, बोटांनी चटकन गोळा व्हायचा. बनियनवर बनियनचाच इलाज चाललाय असं ती म्हणायची, आणि हसायची ती एकटीच. गिऱ्हाईक समोर धोतर बघत असताना गादीमागून एक बनियन आपोआप सरकत जाताना दिसायचा, मग पुन्हा मागं यायचा. एका म्हाताऱ्यानं ते बघितलं आणि त्यानंतर तो दुसऱ्या दुकानात जाऊ लागला.

याच काळात दत्तरावांचा तिसरा फोन आला. दुकानात गर्दी होती. शिवकांत दोन्ही हातांनी कापड फाडत होता आणि खांद्यानं फोन धरून बोलत होता. "हो हो काका, अम्मा यायल्याच. फक्त अम्माचं ते बनियनचं चालू हाय ना. तेवढं बनियनचं एकदा मिटू द्या, मग लगेच येतील. हो, बनियनचं. ठेवू का, गिऱ्हाईक हाय."

दोन दिवसांनी दत्तराव स्वतः दुकानात आले. खाली बघत म्हणाले, "पोखर्णीवाले म्हणायलेत, जरा थांबा. इचार करतो."

  चन्नबसम्माच्या डोळ्यांपुढं तो टोपीवाला उभा राहिला, दोन्ही हातांनी फोटो धरून. हाडाची बातमी पोचली होती.

सुट्टीला घरी आलेल्या रुद्राणीनं त्या दिवसापासून फोन बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चन्नबसम्मा आत गेली तर ती पलंगावर बसून आपला पाय निरखत होती. अंगठ्याच्या बुडाशी बोट ठेवून.

"अज्जी," ती म्हणाली, "माझ्या पायामुळं झालं का हे?"

  चन्नबसम्मानं ओसरीवर येऊन नवऱ्याला हाक मारली. "उद्या पोखर्णीला जायचंय. इस्त्रीचं धोतर काढा."

वीरुपाक्षांनी पेपर खाली ठेवला. "पायाचं काय?"

"तो बी येतो. त्याच्यासाठीच जायलो."

एसटीत कंडक्टरनं बुटांकडं बघितलं आणि विचारलं, "काय आजी, शर्यत हाय का कुठं?"

"हाय. तू मागं ऱ्हाशील," ती म्हणाली. आणखी कुणी काही विचारलं नाही.

पोखर्णीचं ते घर मोठं होतं. अंगणात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी, दोन म्हशी, ओसरीला सागवानी खांब. पाहुणे कळवून आले नव्हते तरी महानंदाबाईची सून तांब्या घेऊन दारात आली. रीत ती रीत. पण चन्नबसम्मानं हात वर केला.

"पाणी मागाहून," ती म्हणाली. "आधी बोलणं. बोलणं पटलं न्हाई तर पाय कामून भिजवायचे?"

असं म्हणून ती ओसरीच्या कडेला बूट घालूनच बसली. बुटांसकट ओसरीवर बसणं ही त्या घरात पहिलीच घटना असावी. महानंदाबाई आतून आली. उंच, काळीसावळी, कपाळाला भस्माचे पट्टे, हातात जपाचं काही नाही तरी बोटं फिरत असलेली. तिनं आधी बूट बघितले, मग बाई बघितली आणि समोर बसली.

"आमी थांबा म्हणलो," महानंदाबाई म्हणाली. "कामून म्हणलो ते तुमाला माहीत हाय."

"हाय. सगळ्या एसटीला माहीत हाय. मी लपवायला आले न्हाई. हाय ते हाय. आमच्या घराण्यातच हाय."

"घराण्यात? म्हणजे हे आधीपासूनच चालत आलंय?"

"माझ्या मायला होता. मला हाय. अन् खोटं कामून बोलू, रुद्राणीला बी थोडा सुरू झालाय."

महानंदाबाईची फिरणारी बोटं थांबली. "काय?"

"बनियन."

"पोरीला?"

"दोन्ही पायांना न्हाई अजून. उजव्याला हाय थोडा."

"पायात?" महानंदाबाई म्हणाली. "बनियन पायात घालतात तुमच्यात?"

"घालत न्हाईत. आपोआप येतो."

महानंदाबाईनं वीरुपाक्षांकडं बघितलं, म्हणजे या बाईबद्दल काही सांगण्यासारखं असेल तर आताच सांगा. वीरुपाक्ष म्हशीकडं बघत होते.

"हे बघा अम्मा," महानंदाबाई सावकाश म्हणाली, "तुमी मोठं कापड दुकान चालवता. आहेरात आमच्या माणसांना काय द्यायचं ते तुमची खुशी. आमी एक चिंधी मागितली न्हाई. पण लग्नातल्या पाहुण्याला बनियन द्यायचा? कर्त्या माणसांना? अन् वर दत्तरावाजवळ निरोप ठेवायचा की बनियनचं मिटल्याशिवाय अम्मा घरच बघायला येणार न्हाईत? आमची माणसं काय उघडी बसलीत का, की ती झाकायला तुमचे बनियन लागतील?"

 चन्नबसम्माच्या डोक्यात दुकानातला फोन, फाटणारं कापड आणि शिवकांतचा खांदा, हे सगळं एकदम आलं. घरी गेल्यावर त्या खांद्याचं काय करायचं ते तिनं ठरवून ठेवलं.

"मग," तिनं सावकाश विचारलं, "तुमाला हाडाचं कुणी काही सांगितलं न्हाई?"

"कोणतं हाड?"

"एसटीतून. टोपीवाला एक माणूस."

"टोपीवाले लय हायत गावात. कोणत्या हाडाचं म्हणायलाव?"

म्हणजे पोखर्णीत कुणाला काही माहीत नव्हतं. एवढा प्रवास करून, बूट घालून, चन्नबसम्मानं आपल्या हातानं ते हाड उकरून या ओसरीवर आणून ठेवलं होतं. मायचं, आपलं आणि नातीचंही. आता ते परत पिशवीत घालता येत नव्हतं.

"पोरीच्या हाडात काय हाय?" महानंदाबाईनं विचारलं. आवाजात आता आहेर नव्हता.

चन्नबसम्मानं आयुष्यात कधी कुणापुढं नजर खाली केली नव्हती. ती आता केली, ते बुटाची नाडी सोडण्यासाठी. उजवा बूट काढला. मोजा काढला. बोटांतलं ते खोडरबर काढून पदरात ठेवलं. लुगड्याचा काठ घोट्यापर्यंत वर घेतला आणि पाय ओसरीच्या कडेवर, उन्हात, सगळ्या घरासमोर ठेवला.

"हे," ती म्हणाली. "डॉक्टर ह्याला इंग्रजीत बनियन म्हणतो. ह्याच्यासाठी यायला उशीर केला. तुमच्या सुनेनं पाणी घालताना दिसू नये मनून. पोरीला एवढं न्हाई, पण हाय. घराण्यातून आलंय, माझ्याकडून आलंय. रुंद चपला घातल्या तर वाढत न्हाई. तुमाला चालत नसंल तर आताच सांगा. मी बूट घालते अन् जाते."

 महानंदाबाईनं वाकून त्या हाडावर बोट ठेवलं, जसं कुणी खरबूज पिकलंय का ते बघतं.

"दुखतं?"

"चालताना. आता बुटात कमी."

"अन् पोरीचं?"

"अजून न्हाई."

दाराच्या आत कुणीतरी खाकरलं. राजशेखर उंबऱ्यात उभा होता. तो कधीपासून होता ते त्याचं त्याला माहीत.

"आज्जी," तो महानंदाबाईला म्हणाला, "मला माहीत होतं ते. प्लॉटवर चिखलात आम्ही अनवाणीच असतो ना."

दोन्ही आज्यांनी एकदमच त्याच्याकडं बघितलं. लग्नाआधी मुलीचे पाय बघितल्याची कबुली इतक्या उघडपणे देणारा मुलगा दोघींनाही पहिल्यांदाच भेटला होता. तो आत गेला.

"शिकलेली पोरं," महानंदाबाई म्हणाली.

"आमच्याकडं बी तसंच," चन्नबसम्मा म्हणाली.

महानंदाबाईनं सुनेच्या हातातला तांब्या मागून घेतला. पाण्यात बोट बुडवून बघितलं आणि परत दिला. "गार हाय. कोमट करून आण." मग चन्नबसम्माकडं वळली. "सुपारी कवा फोडायची ते तुमी सांगा. अन् नवरीच्या चपला आमच्याकडून असतात. मी सोबत येईन घ्यायला. रुंद मिळाल्या न्हाईत तर करून घेऊ."

कोमट पाणी आलं. ते सुनेनं घातलं नाही, महानंदाबाईनं स्वतः बसून घातलं, हाडावरून सावकाश, बोटांच्या मधून.  चन्नबसम्मानं दुसऱ्या बुटाची नाडी सोडली आणि डावा पायही पुढं केला.

"ह्याला जरा कमी हाय," ती म्हणाली.